चटणीच्या रविवारी किमची: सहा घरांनी मिळून आशियाई स्वयंपाक कसा शिकावा?

पंचगंगाकाठ
३ एप्रिल, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत आम्ही सहा घरं एकमेकांना धरून आहोत. दर उन्हाळ्यात गच्चीवर मिरच्या वाळवायच्या, देठं काढायची, मसाला भाजायचा आणि डंकावरून चटणी कुटून आणायची, हे सगळं आमचं एकत्रच चालतं. काल रविवारी देठं काढायला बसलो होतो, तेव्हा तळमजल्यावरच्या वहिनींच्या मुलीने मोबाइलवर कोरियातल्या बायका किमची घालताना दाखवल्या. आठ-दहा जणी गोल करून बसलेल्या, हातात लाल रबरी हातमोजे, मध्ये कोबीचा ढीग आणि मोठ्या पातेल्यात मिरचीचा लगदा. आमच्या आक्का, वय ७४, चष्मा वर करून बघत राहिल्या. म्हणाल्या, "ह्या तर आपल्यावानीच बसल्यात की गं. मला दाव, मी करतो."

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. महिन्यातला एक रविवार ठरवून थाई, जपानी, कोरियन, ब्रह्मदेशी, जे जमेल ते शिकायचं. मला स्वतःला फ्राइड राइसच्या पुढे काही येत नाही. एकीने शिकून बाकीच्यांना दाखवायचं की सगळ्यांनी एकदमच हात घालायचे? साहित्याचं काय? कोल्हापुरात जे मिळत नाही त्याच्या जागी आपलं काही घातलं तर चालतं का? सहापैकी दोन घरं शाकाहारी आहेत, त्यांना बाजूला बसवायचं नाही. सुरुवात कशाने करू, तेही सांगा.

बावड्याचा
३ एप्रिल, रात्री ९:३२

आक्कांना कसबा बावड्याकडून रामराम! किमची जमली की आपल्या मिसळीबरोबर एक घास खाऊन बघा आणि इथं लिहा. विषयच हार्ड होणार.

चिमूटभर_मीठ
३ एप्रिल, रात्री १०:१५

ताई, आक्कांनी अचूक ओळखलं. त्या सामुदायिक किमची घालण्याला कोरियात किमजांग म्हणतात. थंडी सुरू होण्याआधी शेजारपाजार, नातेवाईक जमून हिवाळ्याची बेगमी करतात आणि वाटून घेतात. युनेस्कोने २०१३ मध्ये दक्षिण कोरियाच्या आणि २०१५ मध्ये उत्तर कोरियाच्या या परंपरेची वारसा म्हणून नोंद केली. आपण उन्हाळ्यात चटणी घालतो, ते हिवाळ्याच्या तोंडावर किमची घालतात. मी म्हणेन सुरुवात हिच्यानेच करा, तुमचे हात आधीच तयार आहेत.

त्यांचा तो लांबट कोबी आपल्याकडे रोज मिळेल असं नाही. म्हणून मी मुळ्याची करते, तीही अस्सल कोरियन आहे, तिला क्काक्दुगी म्हणतात. कपिलतीर्थ मार्केटमधून जाड, टणक मुळे आणा. १ किलो मुळ्याचे बोराएवढे चौकोन करा, २० ग्रॅम मीठ चोळून तासभर ठेवा आणि सुटलेलं पाणी वेगळं काढा, टाकू नका. चमचाभर तांदळाच्या पिठीची पाण्यात पेज करून गार करा. त्यात ४ मोठे चमचे मिरची, ८-१० लसूण पाकळ्या, बोटाएवढं आलं, चमचाभर गूळ, कांद्याची पात. सगळं मुळ्याला हाताने चोळा. बरणी पाऊणच भरा, कारण आंबताना फुगतं. मुळा दाबून बसवा, कमी वाटलं तर ते राखलेलं पाणी घाला. आपल्या एप्रिलच्या उकाड्यात एक-दोन दिवस बाहेर पुरे, मग फ्रीज. झाकण रोज एकदा सैल करून वायू जाऊ द्या.

मिरची ब्याडगी घ्या, बिया झटकून जाडसर कुटलेली. त्यांची मिरची रंगाने लालभडक आणि तिखटाला बेताची असते, ब्याडगी त्या चवीच्या बरीच जवळ जाते. मासळीचा सॉस न घालता थोडा सोया सॉस घातला की शाकाहारी घरंही खातील.

बावड्याचा
३ एप्रिल, रात्री १०:२१

कांदा-लसूण चटणीच थेट घातली तर?

चिमूटभर_मीठ
३ एप्रिल, रात्री १०:४०

नको दादा. तिच्यात भाजलेलं खोबरं, तीळ, तेल असतं. आंबवणाच्या बरणीत खोबऱ्याला खवट वास येतो. मी केलं होतं, अख्खी बरणी टाकावी लागली. चटणी भाकरीबरोबरच राहू दे.

तिरफळ
४ एप्रिल, सकाळी ७:०५

मी मूळची मालवणकडची, लग्नानंतर २० वर्षं कोल्हापुरात. थाई करी शिकायची असेल तर परसातला गवती चहा बघा आधी. थाई लोक वापरतात तो लेमनग्रास आणि आपला गवती चहा जात एकच. फरक इतकाच की आपण चहात पात घालतो आणि ते बुडखा घेतात, जमिनीलगतचा पांढरा, कांद्यासारखा भाग. पात वाटली तर घशात काड्या टोचतात. बुडखा वरवंट्याने ठेचून बारीक चिरा आणि मग वाटा. पहिल्यांदा ठेचला तेव्हा स्वयंपाकघरभर लिंबाचा वास पसरला आणि मला वाटलं, इतकी वर्षं आपण या झाडाचा वरचाच अर्धा भाग वापरत होतो.

गलंगल म्हणजे आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातलं कुलिंजन. तिथे वाळलेलं मिळतं, ते वाटणाला चालत नाही, पण सूपमध्ये उकळायला उत्तम. आलं घातलं तर करी बिघडत नाही, पण वास वेगळा येतो. कुलिंजनाला कापराची, देवदाराची छटा असते.

आणि माझं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही: चीनच्या सिचुआन प्रांतातली जीभ झिणझिणवणारी मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली, सख्खी नव्हे पण चुलत भावंडं. बी काढून फक्त टरफल भाजून घ्या. बांगड्याच्या आमटीत घालणाऱ्यांना तो झिणझिण्यांचा अनुभव नवा नाही.

साधा_वरणभात
४ एप्रिल, सकाळी ९:४८

थोडं विरोधी मत मांडतो, राग नसावा. गलंगलऐवजी आलं, मकरूट लिंबाच्या पानाऐवजी साधं लिंबू, मासळीच्या सॉसऐवजी मीठ, पाम गुळाऐवजी कोल्हापुरी गूळ. इतकं बदलल्यावर जे होतं ते नारळाच्या दुधातलं कोल्हापुरी कालवण. चवीला चांगलंच लागणार, पण त्याला थाई करी म्हणून मुलांना खायला घातलं तर ती चव त्यांच्या डोक्यात थाई म्हणून बसते. कुणी परदेशात आपल्या पांढऱ्या रश्श्यात मैदा आणि साय घालून "कोल्हापुरी" म्हणून वाढलं तर आपल्याला कसं वाटेल? आधी एकदा तरी खरं साहित्य मागवून मूळ चवीचं करावं, मग काय बदलायचं ते बदलावं.

डोंगरवाट
४ एप्रिल, दुपारी १:१०

साधा_वरणभात यांना +१. पांढऱ्या रश्श्याचं उदाहरण थेट काळजाला लागलं.

जवारी_मिरची
४ एप्रिल, दुपारी ३:२६

वरणभात दादांचं म्हणणं पटतं, पण आमच्या घरी जे झालं ते सांगते. बँकॉकला गेलो होतो तेव्हा तिथे कोंबडीचा खिमा, लसूण, मिरची आणि वरून मूठभर पानं, असं भाताबरोबर खाल्लं. पहिल्या घासाला ओळखीचा वास आला आणि घास तोंडातच थांबला. तुळस! चौकशी केली तर खरंच तीच, आपली तुळस. त्यांच्याकडे तिला क्राप्राओ म्हणतात आणि पदार्थाचं नावच तिच्यावरून.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "वृंदावनातली देवाची आहे, ती कोंबडीत नाही जायची. बाकी तुला काय करायचं ते कर." मला त्यांचं बरोबर वाटलं. आपल्या घरात त्या पानाचं स्थान वेगळं आहे आणि चवीसाठी ते हलवावं असं मलाही वाटेना. मग मी कुंडीत सब्जा पेरला. फालुद्यातलं बी आणि थाई करीवर घालतात ती गोडसर वासाची तुळस, दोन्ही एकाच जातीची झाडं. चार-पाच आठवड्यांत पानं तोडण्याजोगी होतात. वास बडीशेपेकडे जाणारा, तुळशीसारखा तिखट नव्हे. पदार्थ छान होतो, पण थाई नाव मी त्याला देत नाही. घरात सगळे "सब्जाकोंबडी" म्हणतात. नाव बदललं की वरणभात दादांची अडचणही सुटते, नाही का?

साधा_वरणभात
४ एप्रिल, दुपारी ३:५०

ताई, सुटली. सासूबाईंना नमस्कार.

ओसाका_ते_उचगाव
४ एप्रिल, रात्री ११:०२

चार वर्षं ओसाकात नोकरीला होतो. धाग्यातला मूळ प्रश्न शिकायचं कसं हा आहे, म्हणून माझ्या घरमालकीणबाईंनी मला कसं शिकवलं ते लिहितो.

त्या मला रीत सांगायच्याच नाहीत. दाशी, म्हणजे जपानी सूपचा पातळ रस्सा, करायला घेतली की आधी गार पाण्यात कोंबू नावाची समुद्री शेवाळाची पट्टी भिजत घालायच्या. तासाभराने वाटीत घोटभर पाणी द्यायच्या: चाख. मग मंद आचेवर ठेवायचं आणि उकळी फुटण्याआधी पट्टी काढायची, नाहीतर पाणी बुळबुळीत, कडवट होतं. परत घोटभर: चाख. मग वाळवलेल्या बोनिटो माशाच्या कागदासारख्या पातळ चकत्या टाकून गॅस बंद, दोन मिनिटांत गाळायचं. चाख. मग सोया सॉस घातल्यावर चाख. आपण अळणी काढायला मटण तासभर शिजवतो, तिथे जेमतेम पाच-दहा मिनिटांच्या आचेवर तितकीच भरदार चव. ती चव कशाने येते ते टोकियोच्या किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये शोधलं. कोंबूतल्या ग्लुटामेटमुळे. त्या चवीला त्यांनी उमामी नाव दिलं.

सहा जणी जमणार असाल तर प्रत्येक टप्प्याला सहा चमचे आणि सहा वाट्या ठेवा. मोजमाप घरी गेल्यावर विसरतं, जिभेवरचं विसरत नाही.

शाकाहारी घरांसाठी: कोंबू आणि वाळलेले शिताके अळंबी. जपानमध्ये बौद्ध मठांत अशीच बिनमाशाची दाशी करतात, त्यामुळे तो पर्यायही तिथलाच.

तांदूळ मात्र बाहेरून मागवू नका. ओनिगिरी, म्हणजे भाताचे त्रिकोणी लाडू, करायला आपला इंद्रायणी झकास. चिकट, आखूड, सुवासिक. बासमतीचा लाडू वळत नाही. उलट फ्राइड राइसला इंद्रायणी घेतला तर गोळा होतो.

बावड्याचा
४ एप्रिल, रात्री ११:१५

भावा, शेवटची ओळ आमच्या बायकोने मोठ्याने वाचून दाखवली. गेल्या महिन्यातल्या गोळ्याचं कारण आज कळलं.

अळणी
५ एप्रिल, सकाळी ८:३०

फ्राइड राइसचं निघालंच आहे तर: भात आदल्या दिवशीचा, शिजल्यावर लगेच परातीत पसरून गार केलेला आणि फ्रीजमध्ये ठेवलेला हवा. रात्रभर ओट्यावर झाकून ठेवलेला घेऊ नका, त्यातले जंतू परतल्यावरही त्रास देऊ शकतात. आणि दोघांपुरताच भात एका वेळी परता. घरच्या शेगडीची आच कमी, कढई भरली की भात परतला जात नाही, वाफवला जातो.

डोंगरवाट
५ एप्रिल, दुपारी १२:४४

अवांतर: गाड्यावरचं मंचुरियन मात्र चीनमध्ये शोधून सापडणार नाही. त्याचं श्रेय मुंबईच्या नेल्सन वांग यांना दिलं जातं, १९७५ च्या सुमारास. ते कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे भारतीय. आलं, लसूण, हिरवी मिरची आपली आणि सोया सॉस, कॉर्नफ्लॉवर त्यांचं. मी काल वरणभात यांना +१ दिला, पण रात्री विचार केला की हा पदार्थ सगळा बदल करूनच जन्मला आणि आज त्याचं स्वतःचं घर आहे. खोट्या नावाने वाढू नये, एवढंच माझं मत राहतं.

माझं शेत कागल तालुक्यात आहे, सोयाबीन घरचं. त्याचं टेंपे करतो. टेंपे मूळ जावा बेटावरचं. सोयाबीन भिजवून साली काढायच्या, शिजवून कापडावर पूर्ण कोरडं करायचं, चमचाभर व्हिनेगर आणि विकतचं विरजण मिसळून भोकं पाडलेल्या पिशवीत थापायचं. ३० अंशांच्या आसपास ठेवलं की दीड-दोन दिवसांत पांढऱ्या बुरशीने दाणे एकमेकांना घट्ट बांधले जातात. पहिल्यांदा हात लावला तेव्हा पिशवी कोमट लागली, आत काहीतरी जिवंत असल्यासारखी. एप्रिल-मे ला कोल्हापुरात वेगळी ऊब द्यावी लागत नाही. डिसेंबरात मात्र खोक्यात बल्ब लावावा लागला.

वाफ
५ एप्रिल, सायंकाळी ६:२०

मी मोमो एका तिबेटी काकूंकडून शिकले. हिवाळ्यात स्वेटर विकायला मुंडगोडहून कुटुंबं येतात ना, त्यांतल्या. तिथे तिबेटी वसाहत १९६६ पासून आहे. आमच्या दुकानासमोर त्यांचा स्टॉल होता. दुपारी गिऱ्हाईक नसताना मी चहा घेऊन जायची, एक दिवस कणीक घेऊन गेले.

मला वाटलं होतं, मोदकाच्या पाकळ्या येतात म्हणजे हेही येईल. पाकळ्या आल्या, पण मोमो मधोमध फाटले. काकूंनी माझी पारी उजेडासमोर धरली. सगळीकडे सारखी जाड होती. त्यांनी लाटणं फक्त कडेवरून फिरवलं, दुसऱ्या हाताने पारी गोल गोल सरकवत. कडा पातळ, मध्ये नाण्याएवढी जाडी तशीच. कडा मुरडून एकावर एक आल्या की वरचा भाग जाड होतो आणि खालचा सारणाच्या पाण्याने भिजतो, म्हणून तळ जाड हवा. त्यांना मराठी येत नव्हतं, मला तिबेटी नाही, दोघींचं मोडकं हिंदी. पण त्या पारीने सगळं सांगितलं.

शिकायचं असेल तर एकीच्या शेजारी दुसरी बसा, समोरासमोर नको. समोरून बघितलं की हात उलटे दिसतात.

जवारी_मिरची
५ एप्रिल, सायंकाळी ६:४१

शेजारी बसायचं, हे अगदी खरं. पुरणपोळी मला आईने अशीच शिकवली.

अळणी
५ एप्रिल, रात्री ९:००

शाकाहारी शेजारणींबद्दल कळकळीने एक सांगते. मी एकदा थाई करीचं तयार वाटण आणून भाज्यांची करी केली आणि समोरच्या ताईंना वाटीभर दिली. त्यांनी आवडीने खाल्ली. दोन दिवसांनी पाकिटाच्या मागचं बारीक वाचलं तर त्यात कोळंबीची पेस्ट. मी लगेच जाऊन सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे डोळे भरले आणि मला रात्रभर झोप लागली नाही. त्यांनी माफ केलं, पण मी तेव्हापासून पाकीट वाचल्याशिवाय टोपलीत टाकत नाही. थाई वाटण, किमची, ऑयस्टर सॉस, जपानी सूपची पूड, या चारांत मासळी असतेच असं धरून चाला.

सुरुवातीला किमचीनंतर खाउसुए करा. ब्रह्मदेशचा पदार्थ. नारळाचं दूध, त्यात दाटपणाला आपलं बेसन, हळद, वर नूडल्स. मुळात कोंबडीचा असतो, पण रस्सा शाकाहारी ठेवून कोंबडी वेगळ्या भांड्यात ठेवता येते. वरून घालायच्या वाट्या हीच त्याची गंमत: तळलेला लसूण, कुरकुरीत कांदा, दाण्याचा कूट, उकडलेलं अंडं, लिंबू, कोथिंबीर. सहा घरांनी एकेक वाटी आणायची. कुणी बाजूला बसत नाही.

साधा_वरणभात
५ एप्रिल, रात्री ९:२५

यातलं सगळं साहित्य कोल्हापुरात मिळतं आणि काहीच बदलावं लागत नाही. माझ्याकडून पूर्ण पाठिंबा.

पंचगंगाकाठ
१३ एप्रिल, रात्री १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी चटणी डंकावरून आली आणि दुपारी त्याच गच्चीवर, त्याच चटईवर किमची घातली. ४ किलो मुळे, दोन बरण्या. चिमूटभर ताईंचं माप, वाफ ताईंची बसण्याची पद्धत, उचगावच्या दादांच्या सहा वाट्या. मिठाचा मुळा चाखला, पेज चाखली, मिरचीची पेज चाखली. मुलीने सुद्धा प्रत्येक टप्प्याला वाटी पुढे केली.

आक्कांनी बरणी धुऊन उन्हात तापवली आणि लोणच्याला देतात तशी हिंगाची धुरी दिली. आम्ही कुणीच नको म्हटलं नाही. खरी गंमत मंगळवारी झाली. झाकण उघडलं तर बुडबुडे, फस्स असा आवाज. आक्कांचा चेहरा उतरला. "फसफसलं गं. गेलं." लोणचं फसफसलं म्हणजे बिघडलं, हे साठ वर्षं त्यांच्या हाताला माहीत. मी सांगितलं की याचं फसफसणं म्हणजेच जमणं. त्यांना पटेना. वास घेतला, परत घेतला. मग एक फोड उचलून तोंडात टाकली, सावकाश चावली आणि म्हणाल्या, "आंबट झालंय, पण नासकं न्हाई." दुपारी ज्वारीच्या भाकरीबरोबर तीन फोडी खाल्ल्या. हिंगाचा वास अगदी पुसट येतो. आम्हाला सगळ्यांना तो आवडला.

त्यांचं म्हणणं मीठ जरा कमी पडलं. "फुडच्या टायमाला मी घालतो, तुमी वजन करत बसू नका." चिमूटभर ताई, त्यांचं ऐकू का?

बावड्याच्या दादा, मिसळीबरोबर खाल्ली. कटाचा तिखटपणा आणि मुळ्याचा आंबट कुरकुरीतपणा एकत्र छान लागला. फरसाणाशी मात्र जमलं नाही.

पुढच्या महिन्यात खाउसुए. वाट्या वाटून झाल्या. आक्कांकडे तळलेला लसूण.

चिमूटभर_मीठ
१३ एप्रिल, रात्री १०:३०

आक्कांचं ऐका, पण एकदा त्यांच्या मुठीतलं मीठ काट्यावर ठेवून आकडा लिहून घ्या. १ किलोला २० ते ३० ग्रॅममध्ये बसलं की निर्धास्त राहा. माझी खात्री आहे, बसेल.

बावड्याचा
१३ एप्रिल, रात्री १०:३४

नाद खुळा! फरसाण वगळून या रविवारी आमच्याकडे.

पंचगंगाकाठ
१४ एप्रिल, सकाळी ७:२०

तिरफळ ताई, खाउसुएनंतर थाई करी धरली आहे. आमच्याकडे गवती चहा नाही. तुमच्या परसातला बुडखा लावायला मिळेल का? कुणाला पाठवू?

तिरफळ
१४ एप्रिल, सकाळी ७:३८

तुम्हीच या, आणि आक्कांना घेऊन या. संध्याकाळी पाचनंतर. खुरपं माझ्याकडे आहे, ओलं पोतं तेवढं आणा.